हिवाळेबाईंच्या बरण्या

हिवाळेबाई चिडल्या की आधी चष्मा काढत, पदराच्या टोकानं पुसत आणि मग डोळ्यांवर न चढवता हातातच धरून बोलत. समोरच्याला चष्मा दिसला की पुढचं कळायचं. त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर गेलो तेव्हा चष्मा हातात होता, पण समोर माणूस कोणीच नव्हता. मांडीवर एक टॅब होता.

"सर, हे पाहा," त्या म्हणाल्या. "या पोरीनं बरणीत काकडी टाकली. मीठ नाई, मोहरी नाई, हळद नाई. काकडी धुतली नाई का पुसली नाई. अन् तिसऱ्या दिवशी लोणचं तयार. आता मले सांगा, हे कोन्या शास्त्रात बसते?"

'ही पोरगी' म्हणजे पडद्यावरची, टोपी घातलेली, अंगठ्याएवढी शेतकरीण. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं होतं. म्हणून पुण्याच्या मुलीनं, मीनलनं, हा शेतीचा गेम घालून दिला होता. वावर नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, आलेला माल तसाच विकायचा, नाहीतर बरणीत घालून त्याचं लोणचं किंवा मुरंबा करायचा आणि जास्त भावानं विकायचा. आईची करमणूक व्हावी हा लेकीचा हेतू. पण जिनं तेवीस वर्षं पोरींना फळं-भाज्या टिकवायला शिकवलं, तिच्या पुढ्यात लेकीनं बिनमिठाचं लोणचं ठेवलं होतं.

"गेम आहे बाई तो," मी म्हणालो.

"गेम असला म्हणून काय झालं? लेकरं खेळतात न हे. त्याईले वाटन, असंच होते."

तरी त्यांनी टॅब खाली ठेवला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या पोरीच्या वावरात ओळीनं तीस बरण्या मांडलेल्या होत्या.

आम्ही दोघं चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात होतो. मी मराठी शिकवायचो, त्या व्यवसाय अभ्यासक्रमात फळप्रक्रिया. दोघंही उंद्रीचे, त्यामुळे सकाळची एसटीही एकच. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत, मांडीवर पर्स. पर्समध्ये पैसे, पास, गोळ्या असं काय असेल ते असो, पण एक वस्तू नक्की असायची. धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चमचा. लग्नात, बारशात, कुठंही कोणी लोणच्यात ओला चमचा घालताना दिसलं की त्या स्वतःचा कोरडा चमचा काढून पुढं करत. वर तीनच शब्द. "ओला हात बाहेर." वर्गातही हजेरीच्या आधी हेच. पोरींनी त्यांचं नावच 'ओला हात' पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं, कारण एकदा फळ्यावर कोणीतरी तसं लिहिलेलं त्यांनी पुसलं नव्हतं.

त्यांचं शिकवणं पाहायला एकदा संस्थेनं पाहुणे आणले. चांगले वजनदार पाहुणे, सफारीतले. पोरींनी परीक्षेसाठी केलेला मोरावळा टेबलावर मांडलेला. एका पाहुण्यानं नुकतेच हात धुतले होते. त्यानं ओलं बोट सरळ बरणीत बुडवलं, चाटलं आणि "वा, वा" केलं. बाईंनी ती बरणी उचलली, मागच्या दारानं नेऊन खड्ड्यात उपडी केली, परत आल्या आणि शेजारची बरणी दाखवायला लागल्या. नंतर प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"अहो बाई, देणगीदार होते ते."

"मोरावळा पोरीईचा होता सर," बाई म्हणाल्या. "परीक्षेचा. बुरा आला असता तं नापास कोन झालं असतं, ते का पोरी?"

ज्या पोरीची ती बरणी होती तिला बाईंनी पुन्हा पाच किलो आवळे आणून दिले आणि तिच्याजवळ उभं राहून नवा मोरावळा करून घेतला. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या पोरीनं सांगितलं, ती आता मलकापूरला नांदते.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण ते टाळूनच आमच्या गावानं आणि मीही इतकी वर्षं काढली. हिवाळेबाई बौद्ध. मी गावातल्या जमीनजुमलेवाल्या घरातला. उंद्रीत कोणालाही विचारा, "आता कुठं राहिलंय हो तसं काही" असंच सांगतील. एकाच हॉटेलात चहा, एकाच एसटीत सीट, लग्नाला एकमेकांच्या मांडवात हजेरी. खोटं नाही ते. पण लोणचं ही वेगळीच वस्तू आहे. चहा पिऊन माणूस उठून जातो. लोणचं वर्षभर घरात, आपल्या फडताळात, आपल्या ताटात राहतं. आणि ते कोणाच्या हातचं आहे हा प्रश्न आमच्याकडं जितक्या गोड आवाजात विचारला जातो, तितक्या गोड आवाजात आम्ही दुसरं काहीच विचारत नाही.

दर उन्हाळ्यात बाई लिंबाचं लोणचं घालत आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाला एकेक काचेची बरणी देत. तोंडाला पांढऱ्या मांजरपाटाचा दादरा. त्याला सुतळीची दुहेरी गाठ, खास त्यांची. बरणीच्या अंगावर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेननं महिना आणि साल. देताना एवढंच म्हणत, "बरणी परत पाहिजे." सगळे हात जोडून घ्यायचे. डब्याच्या वेळी मात्र टेबलावर आठ-दहा घरची लोणची निघायची, आणि बाई जेवता जेवता एकदा सगळ्या डब्यांवरून नजर फिरवायच्या. मला वाटायचं, त्या भाजी काय काय आहे ते पाहतात.

मी बरणी घरी नेऊन आईच्या हातात द्यायचो. माझं काम संपलं. ताटात लिंबाचं लोणचं यायचंच, मी चवीनं खायचो आणि कॉलेज सुरू झालं की बाईंना सांगायचो. एका वर्षी एसटीत बसल्या बसल्या मी म्हणालो, "बाई, यंदाचं लोणचं भलतंच जमलं. खारं, तिखट. एकदम झणझणीत."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. हातात धरला. मग परत घातला.

"हो का," म्हणाल्या. "बरणी?"

"शोधतो," मी म्हणालो. तेव्हा त्यांनी चष्मा का काढला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते कळायला मध्ये चार वर्षं गेली. आई वारली, घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, आणि जुन्या पत्र्याच्या पेटीमागं सात बरण्या निघाल्या. सातही दादरे बांधलेले. सातही गाठी जशाच्या तशा. मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "आईंनी ठेवल्या होत्या. फेकायचं अन्न नाही म्हणून फेकल्या नाहीत. तुम्हाले सांगितलं असतं तं तुम्ही वाद घातला असता." म्हणजे इतकी वर्षं मी ज्याचं कौतुक करत होतो ते बायकोच्या हातचं लोणचं होतं. सातांपैकी एका बरणीच्या पट्टीवर त्या झणझणीत वर्षाचं साल होतं. मी तिची गाठ सोडली. आत काळसर, घट्ट खार होता आणि वास गुळाचा. बाईंनी त्या वर्षी गोड लोणचं घातलं होतं.

म्हणजे त्यांना चार वर्षांपूर्वीच कळलं होतं, एसटीतल्या त्या एका वाक्यात. आणि पुढच्या चारही उन्हाळ्यांत, निवृत्त होईपर्यंत, त्यांनी मला बरणी दिली होती.

पुढं मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला आईचा राग आला, बायकोचा आला, गावाचा आला, आणि एवढा सगळा राग येऊनही मी ती गाठ होती तशी परत बांधली आणि सातही बरण्या माळ्यावर ठेवल्या. बाईंपुढं त्या बरण्या घेऊन कोणत्या तोंडानं जाणार? आणि ताटात वाढून घेतलं असतं तर घरात जे बोलणं निघालं असतं, ते मला नको होतं. राग फुकटचा असतो. मी तो भरपूर केला.

तर गेम.

दोन महिन्यांच्या विश्रांतीत बाईंनी त्या गेमचा पुरता पिट्टा पाडला. त्यातल्या बरणीचा हिशेब त्यांनी मीनलच्या आधी ओळखला. तिथं भाजीचा जो भाव असेल त्याची दुप्पट आणि वर एक ठरलेली रक्कम, अशी बरणीची किंमत. वरची रक्कम सगळ्यांना सारखी. म्हणजे महागड्या भोपळ्यापेक्षा फुटकळ मुळा बरणीत घातला तर त्याच्या मानानं जास्त सुटतं.

"हे मात्र बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या. "स्वस्ताचा माल असते, बरणीत गेला का त्याचं सोनं होते. हेच मी पोरीईले तेवीस वर्षं सांगून राह्यली."

महागड्या फळांसाठी गेममध्ये दुसरी सोय होती, लाकडाचं पीप. फळ त्यात घातलं की दारू, आणि भाव तिप्पट. मीनल फोनवरून सांगून थकली. "आई, द्राक्षं बरणीत घालू नको, पिपात घाल, तोटा करून राह्यली तू." बाईंनी पीप विकत घेतलं नाही. "पंचशील घेतलं आहे म्या," त्या मला म्हणाल्या. "माह्या वावरात पीप कशाले येईन?" द्राक्षाचा मुरंबा करून त्या तोटा सोसत राहिल्या.

दुसरा तोटा त्याहून मोठा होता. गेममध्ये फळाला दर्जा असतो. उत्तम फळावर सोनेरी चांदणी, तिचा भाव जास्त. पण बरणीत गेलं की चांदणी गेली. चांगल्याचं लोणचं आणि डागीचं लोणचं एकाच भावानं जातं. त्यामुळे शहाणा खेळाडू चांदणीचा माल तसाच विकतो आणि बरणीत साधा माल ढकलतो. बाई उलट करत. चांदणीची फळं वेचून वेचून बरणीत.

"अहो, तिथं फरक पडत नाही," मी म्हणालो.

"त्याले नसन पडत. मले पडते. एक डागी निंबू गेलं का बरणी गेली." आणि मग चष्मा काढून, "बरणीत गेल्यावर चांगलं कोन अन् वाईट कोन, हे त्या गेमले कळत नाई म्हणून म्या का माह्यं काम सोडावं?"

पण एका गोष्टीवर त्या कधी चिडल्या नाहीत. त्या पोरीच्या घरापुढं, रस्त्याच्या कडेला, एक लाकडी पेटी असते. दिवसभर तयार झालेलं त्यात टाकायचं. कोणी समोर उभं राहत नाही, कोणी बरणी फिरवून बघत नाही. सकाळी पैसे जमा. बाई मला ती पेटी दरवेळी दाखवत. झाकण उघडायचं, बरणी आत जायची, टुण् असा आवाज व्हायचा.

"पाहा," त्या म्हणायच्या. "आतापर्यंत एकानंबी विचारलं नाई, कोनाच्या हातचं आहे म्हणून."

आणि फाटकावर पाटी होती. गेम सुरू करताना शेताला नाव विचारतात. लोक काहीबाही लाडिक नावं देतात. बाईंनी दिलं होतं, सुमन भगवान हिवाळे.

ते पाहून माझं डोकं भणाणलं. कुठल्या दूरदेशी बसून कोणी चार चित्रं काढली, त्यात एक खोटं गाव वसवलं, आणि त्या गावाला जेवढी रीत आहे तेवढी माझ्या शिकल्यासवरल्या गावाला नसावी? आणि साठी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या नावाची बरणी विकलेली बघायला टॅबच्या काचेवर बोट फिरवावं लागावं?

कारण खऱ्या गावात त्याच वर्षी दुसरंच चाललं होतं.

माझ्या चुलतभावाची बायको रेखावहिनी गावच्या बचत गटाची अध्यक्ष. गटानं ठरवलं, लोणचं करून शेगावला एका दुकानात ठेवायचं. दर्शनाला येणारे लोक परतताना काहीतरी घेऊन जातात, त्यात आपली बरणी जावी. पण घरापुरतं घालणं वेगळं, क्विंटलानं घातलेलं लोणचं दुकानात चार महिने टिकवायचं कसं हे गटात कोणाला नीट येत नव्हतं. येत होतं ते हिवाळेबाईंना. वहिनी स्वतः त्यांच्या घरी गेल्या. बाईंनी कृती लिहून दिली, प्रमाण दिलं, बरण्या उन्हात कशा तापवायच्या ते दाखवलं. मोबदला नको म्हणाल्या. एकच अट घातली. बरणीवर बनवणारीचं नाव लागतंच, तिथं गटाच्या नावाखाली माझंही नाव पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "हाव, हाव, टाकू न."

गटानं लेबलाचा मजकूर लिहायला मराठीचा मास्तर म्हणून मला सांगितलं. "भाऊजी, जरा भारदस्त लिवजा," वहिनी म्हणाल्या. बाईंचं नाव कुठं टाकायचं, मी विचारलं. "ते नंतर पाहू," त्या म्हणाल्या. मी नंतर पाहू दिलं.

कागद घेऊन गेलो तेव्हा वहिनींच्या अंगणात ताडपत्रीवर लिंबांचा ढीग होता आणि भोवती गटाच्या बायका फोडी करत होत्या. हिवाळेबाई मध्यभागी. पण ढिगापासून चार हातांवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. "बाई, तुमचा गुडघा दुखते, तुमी बसूनच सांगा, हात नका लावू," असं त्यांना आल्याबरोबर प्रेमानं सांगण्यात आलं होतं. त्या दिवशी त्या काठीशिवाय चालत आल्या होत्या.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "उंद्रीचं शुद्ध घरगुती लोणचं. खाली, रेखाताई आणि मंडळ." वाचून चष्मा काढला. पुसला.

"सर, मराठीचे तुमी. शुद्ध म्हणजे काय हो?"

"म्हणजे... भेसळ नसलेलं."

"असं. मंग माह्यं नाव टाकलं तं भेसळ होते का?"

सुऱ्या थांबल्या. वहिनी उठून त्यांच्याजवळ आल्या. आवाज एकदम मऊ. "बाई, तुमी मनाले लावून घेऊ नका. माह्या मनात तसं काही नाई. आता कुठं राह्यलं तसं? पन लोकाईले आपून काय करावं? शेगावले दहा गावचे लोक येतात. आडनाव पाहून कोनी बरणी ठेवून देल्ली तं साऱ्या बायाईचं नुकसान."

"दुकानवाल्यानं म्हटलं तसं?"

"नाई, त्यानं नाई म्हटलं."

"मंग कोनी म्हटलं?"

कोणी म्हटलं नव्हतं. कोणी म्हणायची गरजच पडत नाही. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, वाट पाहणं होतं. एसटीत, स्टाफरूममध्ये, डब्यांवरून फिरणारी ती नजर आज माझ्यावर थांबली होती. मी बोलायला हवं होतं. तो कागद माझ्या हस्ताक्षरातला होता, 'शुद्ध' हा शब्द मी टाकला होता, तो तिथल्या तिथं फाडायला मला कोणी अडवलं नसतं. मी म्हणालो, "बघू, काहीतरी मार्ग काढू."

बाई उठल्या. चमचा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. फाटकाशी जाऊन मागं वळल्या.

"त्या ढिगात तळाले डागी निंबं गेले आहेत," त्यांनी बायकांना सांगितलं. "ते काढा पयले. अन् ओला हात बाहेर."

बायकांनी डागी लिंबं काढली. लोणचं चार महिने टिकलं. ते शेगावला उत्तम खपतंय, आजही खपतंय, लेबलावर माझा 'शुद्ध' आहे आणि खाली बाईंचं नाव नाही. हे लोणचं नासलं असतं, बरण्या परत आल्या असत्या, तर ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण बाईंच्या हातची कृती नासत नाही. तेवढं खरं आहे म्हणून तर चीड येते.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या गुडघ्यासाठी मीनल त्यांना पुण्याला न्यायला आली. आता तिकडंच राहायचं ठरलं होतं. जायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेलो. त्यांचं घर चिखली–खामगाव रस्त्यालाच लागून, समोर एसटीचा थांबा. फाटकाबाहेर दोन विटांवर एक फळी, फळीवर बारा बरण्या. पांढरे दादरे, दुहेरी गाठी. यावेळी चिकटपट्टीवर महिना आणि साल यांच्याही वर मोठ्या अक्षरांत, सुमन भगवान हिवाळे, उंद्री. शेजारी पैसे टाकायला बिस्किटांचा रिकामा डबा.

"गेमात असंच असते सर," त्या ओसरीवरून म्हणाल्या. "ठेवायचं. जवळ उभं नाई राहायचं."

"आई, ऊन होईल, बाराला निघायचंय," मीनल आतून म्हणाली.

"बारापर्यंत ठेवू न मंग."

मी त्यांच्याजवळ बसलो. थांब्यावर गावातली माणसं येत होती, जात होती. प्रत्येक जण फळीकडं पाहायचा. दोघं-तिघं जवळ आले, वाकून वाचलं, "बाई, चालल्या का पुण्याले? तब्येतीले जपा," असं म्हणाले आणि थांब्याकडं गेले. आवाज सगळ्यांचे मऊ. एका म्हातारीनं बरणी हातात घेतली, उन्हाकडं धरून आतला रंग पाहिला, "मस्त मुरलं" म्हणाली आणि पुसल्यासारखं करून खाली ठेवली. बाई सगळं पाहत होत्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

अकराच्या सुमारास एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, परप्रांतातला.

"अम्मा, अचार घर का है?"

"मेरे हाथ का है," बाई म्हणाल्या.

"तो दो दे दो."

त्यानं दोन बरण्या उचलल्या, डब्यात नोटा टाकल्या आणि गेला. बाई खूश झाल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. एका तासात गिऱ्हाईक भेटलं ते असं, ज्याला बरणीवरच्या आडनावावरून काहीच कळणार नव्हतं.

मग मी उठलो. शौर्य म्हणून नाही, बसवत नव्हतं म्हणून. फळीपाशी गेलो, एक बरणी उचलली आणि तिथंच रस्त्याच्या कडेला, थांब्यावरच्या वीस-पंचवीस माणसांसमोर, दादऱ्याची गाठ सोडायला लागलो. घाम आला होता. बोट आत घालणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. ओला हात."

बाई एवढ्या पायऱ्या उतरून आल्या होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून चमचा काढला आणि माझ्या हातात दिला. मी एक फोड खाल्ली. रेखावहिनींचा दीरही थांब्यावर उभा होता, म्हणजे ही बातमी जेवणाच्या आत साऱ्या भावकीत जाणार होती.

"कसं झालं?" बाईंनी विचारलं.

मी घाई केली नाही. फोड पूर्ण चावली.

"गुळाचं आहे," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. "हाव. तेच होतं त्या सालीबी."

"बाई, माळ्यावर सात..."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "सात त्या अन् ही एक. आठ."

बाराला गाडी आली. उरलेल्या नऊ बरण्या त्यांनी स्वतः पुसून एकेक गाडीत ठेवल्या, मीनलला हात लावू दिला नाही. पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर टॅब. मी खिडकीशी उभा होतो. काही तरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "बाई, फार चुकलं आमचं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायला मी तयार होतो. पण त्यांनी नुसता पुसला आणि घातला.

"आठ बरण्या आहेत माह्या तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "परत पाहिजेत. रिकाम्या." आणि गाडी चिखलीकडं निघाली.

मी घरी आलो, माळ्यावरून सातही उतरवल्या आणि हातातल्या आठवीशेजारी जेवणाच्या टेबलावर मांडल्या. सध्या तिसरी सुरू आहे. घरात मी एकटाच खातो.